मायस्थेनिया आणि फोनमधली बाई

तुमचा आवाज बदलला, तर ते सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येईल?

घाईनं उत्तर देऊ नका. मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते, मायच्या. नाहीतर बाबांच्या. रोज एका चुलीवरचं जेवतो आम्ही. पण ते उत्तर चूक ठरलं असतं. माझा आवाज बदलला हे ज्याला आधी कळलं त्याला मी तोवर कधी भेटले नव्हते. त्यानं मला पाहिलेलं नाही. तो पाहू शकतच नाही.

त्याच्याकडे येते. आधी निदानाचा दिवस सांगते, कारण भीती तिथून सुरू झाली.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात, न्यूरॉलॉजीच्या म्हणजे मेंदू आणि नसांच्या विभागात, डॉक्टर मॅडमनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला, गाठ मारली आणि तो माझ्या डाव्या डोळ्यावर धरला. ती पापणी तेव्हा अर्ध्याच्या खाली लोंबत होती. थोड्या वेळानं बर्फ काढला आणि त्यांनी मला आरसा दिला. पापणी वर गेली होती. दोन्ही डोळे सारखे. मला हसू आलं.

माय म्हणाली, "बर्फानंच बरं होते तं घरीच लावू ना."

मॅडम हसल्या नाहीत. "हा आइसपॅक टेस्टचा निकाल आहे," त्या म्हणाल्या. "थंडाव्यानं पापणी उचलली गेली, म्हणजे हा मायस्थेनिया ग्रॅव्हिस असण्याची शक्यता खूप आहे. रक्त तपासू, नसांना विजेचे हलके झटके देऊन तपासू. पण मला फारशी शंका नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. नसा ठीक आहेत. स्नायूही ठीक आहेत. नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप पोहोचत नाही. शरीराची स्वतःची संरक्षक फौज चुकून निरोप घेणारी दारंच बुजवून टाकते. म्हणून स्नायू सुरुवातीला चालतो, मग वापरता वापरता गळून जातो. विसावा दिला की पुन्हा थोडा चालतो.

बाबांना हायसं वाटलं. "म्हणजे पापणीचंच आहे ना?"

"आज पापणीचं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण गिळणं हे स्नायूंचं काम आहे. श्वास घेणं पण."

खोलीत पंखा फिरत होता. मी पहिल्यांदाच माझ्या छातीकडे लक्ष देऊन पाहिलं, की ती वरखाली होते आहे का. त्या क्षणापासून आजवर ते पाहणं मला थांबवता आलेलं नाही.

"बरा होतो?" मी विचारलं.

"ताब्यात राहतो. बहुतेकांचा चांगला राहतो. पण आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं."

आता मागे जाते.

मी सालेकसा तालुक्यात, दरेकशाजवळच्या एका खेड्यात राहते. घरी धानाची शेती. बाबा मोर्च्यांना, सभांना जायचे आणि येताना पिशवीभर पत्रकं आणायचे. आमच्या घरी पुस्तकांआधी पत्रकं आली. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले, मोठ्यानं, ओसरीत उभी राहून. त्यामुळे मोठ्यानं वाचायची सवय लागली ती लागलीच.

ती सवय पुढे एका कामाला आली. फोनवर आमचा एक ग्रुप आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर इकडचे लोक. अंध विद्यार्थ्यांसाठी आम्ही परीक्षेची पुस्तकं वाचून आवाजात भरतो. कोणी कोणाला भेटलेलं नसतं. काम असं चालतं: एक जण धडा वाचतो, दुसरा तो ऐकून तपासतो आणि चुका सांगतो. माझे धडे तपासायला पंकज असायचा. अर्जुनी मोरगावकडचा, बीएच्या शेवटच्या वर्षाचा, जन्मापासून अंध. मला ताई म्हणतो आणि माझी सगळ्यात जास्त खोड काढतो.

मागच्या वर्षी भात कापणीच्या सुमारास त्याचा निरोप आला. "हेमाताई, धडा मस्त आहे. पण दर पानाच्या शेवटी तुम्ही नाकातून बोलून राहिल्या. झोप येते का कंटाळा येते?"

मी लिहिलं, सर्दी आहे.

पुढच्या धड्याला पुन्हा: "सर्दी असती तं सुरुवातीपासून असती ना. तुमची सर्दी पान उलटाची वाट पाहते काय?"

मला राग आला. मी तो धडा पुन्हा भरला. ऐकला. सुरुवातीची वाक्यं स्वच्छ होती. मग हळूहळू कोणीतरी माझ्या नाकावर हात ठेवत गेल्यासारखं. शेवटच्या ओळीत तर 'ग्रामपंचायत' शब्दाचं पीठ झालं होतं. घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण घरात कोणी सलग पानभर बोलत नाही. 'जेवली का व', 'पाणी भरलं का', एवढंच. तेवढ्या बोलण्यात माझा आजार लपून जायचा.

त्यानंतर पापणी पडायला लागली. मग एकाचे दोन दिसायला लागले. सालेकशाच्या डॉक्टरांनी गोंदियाला पाठवलं, गोंदियाच्यांनी नागपूरला. म्हणून मी त्या बर्फाच्या हातमोज्यापर्यंत वेळेत पोहोचले. मायस्थेनियाचे कितीतरी रोगी चष्मे बदलत, टॉनिक पीत, 'आळशी झाली' हे ऐकत दिवस काढतात, असं मॅडमच म्हणाल्या.

रक्ताचा अहवाल आला. ज्या अँटीबॉडीज, म्हणजे संरक्षक प्रथिनं, माझ्याच स्नायूंची दारं बुजवतात त्या भरपूर निघाल्या. छातीचं सीटी स्कॅन झालं. पायरिडोस्टिग्मिन नावाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या निरोपाला थोडा जास्त वेळ टिकवून धरतात. आणि स्टेरॉइड सुरू झालं, त्या चुकलेल्या फौजेला आवरायला.

मॅडमनी बजावलं. "स्टेरॉइडनं पहिल्या काही आठवड्यांत आजार कधी कधी वाढतो आणि मग उतरतो. त्या काळात सांभाळा. रोज एक दीर्घ श्वास घ्या आणि त्या एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजा. कुठवर जाता ते बघा. आकडा घसरत गेला, पाणी नाकातून परत आलं, उताणं झोपता येईना, यातलं काहीही झालं तर घरी थांबू नका."

मी ग्रुपवर सगळं सांगितलं. काय झालं, औषधं कोणती, या आजारात कुठली इंजेक्शनं चालत नाहीत म्हणून मॅडमनी सांगितलं, आणि अडचणीला बाबांचा नंबर. पहिल्या तासात काय आलं ते ऐका. हात जोडलेली चित्रं. कुठल्याशा झाडाच्या सालीचा काढा. 'पॉझिटिव्ह राहा.' 'घाबरू नका.' मी चिडून लिहिलं की मला घाबरायची पूर्ण परवानगी आहे, आणि काढा सांगणाऱ्यानं आधी स्वतः पिऊन दाखवावा.

मग नीलू भाभी बोलल्या. त्या ग्रुप चालवतात. गोंदियात त्यांचं कापडाचं दुकान आहे. "ठीक है. काढा कॅन्सल. हेमा, तू रोज सुबह गिनती आवाजात भरून ग्रुपवर टाक. आम्ही ऐकतो. हमको ऐकायचीच आदत आहे."

तसं सुरू झालं. सकाळी गोठ्यामागे उभी राहून मी एका श्वासात आकडे मोजायची आणि पाठवायची. कोणी ना कोणी ऐकून उत्तर द्यायचं. पंकज शेरे मारायचा, "आज तीस नंतर गाडी घाटात चढली, ताई." मला त्या दिवसांत भीती नव्हती असं नाही. पण भीतीला रोज कोणीतरी ऐकून घेत होतं.

आता चूक सांगते. ती कोणा एकाची नाही, आणि ती चांगुलपणातून झाली.

मला खोकला झाला. आवाज बसला. भाभींनी लिहिलं, "बेटा, गला दुखत असेल. बोलू नको. नुसता आकडा टाइप कर." सगळ्यांनी होकार भरला. खरंच आहे, जिवाला त्रास कशाला. आमच्याकडे नेटवर्कही धड नाही, आवाज जायला वेळ लागतो, आकडा लगेच जातो. मलाही बरं वाटलं. मी आकडा टाइप करू लागले आणि पुढे 'ठीक आहे' लिहू लागले.

टाइप केलेला आकडा खोकत नाही. तो धापत नाही. आणि मी तो आकडा गाठायला मध्येच एक चोरटा श्वास घ्यायला लागले होते. कोणाला फसवायचं नव्हतं मला. खरा आकडा मला स्वतःलाच नको होता. छाती जड झाली होती, उशा वाढवून बसल्या बसल्या झोपत होते, जेवताना हनुवटीला खालून हात लावून चावत होते, आणि रोज सकाळी लिहीत होते, ठीक आहे. ग्रुपवर रोज सकाळी अंगठे उगवत होते.

मायला शंका यायची. "काऊन व, असं मान धरून बसली?" मी मान हलवायचे. बोलायचा कंटाळा यायचा. खरं म्हणजे बोलता येत नव्हतं.

मग एका सकाळी पंकजचा आवाज आला. तो मी नंतर खूप वेळा ऐकला आहे.

"ताई, एक गोष्ट सांगू? तुमचं टाइप केलेलं मला फोनमधली बाई वाचून दाखवते. सगळ्यांचंच तीच वाचते. तिची तब्येत एकदम ठणठणीत आहे. आठवडाभर मी तिचीच तब्येत ऐकून राहिलो. तुमची मले माहीतच नाही. आवाज पाठवा."

मी लिहिलं, गळा दुखतो.

"दुखू द्या. आकडे नको. जेवाले काय केलं ते सांगा. लंबं सांगा."

मी बटण दाबलं आणि म्हणायला गेले की मायनं आज लाखोळीची डाळ केली आहे. 'लाखोळी'च्या पुढे मला जाता आलं नाही. जे गेलं तो आवाज नव्हता, नाकातून निघालेली वाफ होती. तेवढंच पाठवलं. लगेच बाबांचा फोन वाजला. पंकज होता. बाबा माझ्या शेजारीच बसले होते, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"काका, ताईले आत्ताच्या आत्ता गाडीत टाका."

"कायले? ते तं बसून आहे इथंच. चहा पिऊन राहिली."

"चहा नाकातून येऊन राहिला का पाहा."

बाबांनी मान वळवली. मी पदरानं नाक पुसत होते. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कोणत्याही मोर्च्यात पाहिलं नव्हतं.

गाडी भाभींनी फोनवरून ठरवली; सालेकशाहून आली. मी मागच्या सीटवर ताठ बसले, कारण आडवं झालं की थुंकीत बुडायला व्हायचं. डोकं छातीवर पडत होतं, माय ते दोन्ही हातांनी धरून होती. श्वास आत जायचा, पण थोडासाच, वरच्या वर. जसं कोणी दारातून डोकावून परत जावं. वाटेत एक रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती. एक डबा, मग आणखी एक डबा.

'आरोग्य हा हक्क आहे' हे वाक्य मी लहानपणी ओसरीत उभी राहून वाचलं होतं, तोंडपाठ होतं. त्या फाटकावर मला त्याचा अर्थ कळला. हक्क म्हणजे श्वास संपत असताना मालगाडीचे डबे बघत बसावं न लागणं. माझा आजार दुर्मीळ असेल, पण दम कोंडणं दुर्मीळ नाही. सर्पदंशाला दम कोंडतो, दम्याला कोंडतो, बाळंतपणात कोंडतो. कृत्रिम श्वासाचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस तालुक्याच्या गावात का नको? हा प्रश्न मी तेव्हा विचारू शकले नाही. तोंडातून शब्द फुटत नव्हता. म्हणून आज विचारते.

गोंदियाच्या दवाखान्याच्या दारात एक ठेंगणी बाई वाट पाहत होती. आम्ही एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. तिनं मायला विचारलं, "हेमा?" आणि मग माझ्याकडे बघून, "आवाज सुन के लगा था, तू चांगली ऊंची-पूरी असशील. तू तो चिडिया निघाली." बोलता बोलता नीलू भाभींनी फोन डॉक्टरांपुढे धरला. माझी औषधं आणि मला न चालणारी इंजेक्शनं, सगळं त्यावर होतं. डॉक्टरांनी वाचलं, एक वाक्य बोलले: "हा मायस्थेनिक क्रायसिस आहे." म्हणजे श्वासाचे स्नायू संपावर जाणं. त्यांनी ऑक्सिजन आणि मास्क लावला, नागपूरच्या मॅडमशी बोलले आणि रुग्णवाहिकेत सोबत एक नर्स दिली.

नागपूरला मला व्हेंटिलेटर लावला. घशातून नळी आत घालतात आणि यंत्र तुमच्यासाठी श्वास घेतं. मी शुद्धीवर आले तेव्हा ती नळी होती. मला सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? मरणाची वाटली, आणि त्याखालोखाल याची की आता यंत्र बिघडलं तर मी ओरडूसुद्धा शकणार नाही. छताकडे बघत मी यंत्राचा आवाज ऐकायचे. तो थोडा बदलला तरी अंगावर काटा यायचा. बहुतेक वेळा तो बदललेला नसायचाच.

आयव्हीआयजी सुरू केलं. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून निवडून काढलेल्या चांगल्या अँटीबॉडीज शिरेतून देतात, म्हणजे माझ्या बिघडलेल्यांचा जोर कमी होतो. त्या हजारोंतलं एकही नाव मला माहीत नाही.

मी जो धडा अर्धवट सोडला होता, नागरिकशास्त्राचा, तो ग्रुपनं वाचायला घेतला. माझ्यासाठी. सगळे वाचक नव्हते. जे फक्त ऐकून तपासायचे तेही वाचायला बसले. भेटीच्या वेळेत माय नर्सला विचारून फोन माझ्या कानाशी धरायची. भाभींनी 'अधिवेशन'चं काय काय केलं ते मी इथं लिहीत नाही. पंकजनं त्याचा भाग पाठ करून म्हटला आणि त्यात ठणकावून सांगितलं की राज्यसभेचे सदस्य जनता थेट निवडून देते.

मला संताप आला. नळी घशात असताना, हाताला सुया असताना. मी मायकडे हातानं कागद मागितला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'चूक.'

माय बाहेर जाऊन फोनवर म्हणाली, "ते चूक म्हणते. काय चूक, मले नाही समजत."

पंकज म्हणाला, "समजलं मले. म्हणजे आहे ताई अजून."

त्यानं मुद्दाम केलं का खरंच चुकला, हे तो आजही सांगत नाही. विचारलं की म्हणतो, "तुमाले काय वाटते?"

नळी निघाली. पहिले काही दिवस आवाज कुत्र्याच्या पिल्लासारखा यायचा. घरी आले. छातीतली थायमस नावाची ग्रंथी काढायचं ऑपरेशन मॅडमनी सुचवलं आहे. त्यानं पुष्कळांचा आजार सौम्य होतो. ते व्हायचं आहे. मी घाबरलेली आहे. शहाणी झाले, निडर झाले, असं या जागी लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. पण आता मला माझी भीती वेगळी दिसते. ती मला मोजायला लावते, गोळी वेळेवर घ्यायला लावते. तिला दाबून 'ठीक आहे' लिहिलं तेव्हाच मी मरायला निघाले होते.

ग्रुपवर आता टाइप केलेला आकडा चालत नाही. भाभींनी नियमच केला. मी एका वेळी एक परिच्छेद वाचते, थांबते, मग दुसरा. पंकज ऐकतो आणि चुका काढतो. ज्यांनी मला काढा सांगितला होता ते गृहस्थही आता पाळीनं सकाळी माझे आकडे ऐकतात. त्यांचं मी काही देणं लागते, आणि काढ्याबद्दल बोललेलं मी मागे घेत नाही.

या सगळ्यांचे उपकार मानायला माझ्याकडे शब्द आहेत, पण ते त्यांना मी आवाजातच सांगितले. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे.

तुमच्याही फोनमध्ये एखादा ग्रुप असेल. शाळेचा, गावाचा, नात्याचा. त्यात कोणीतरी दीर्घ आजाराचं असेल: दम्याचं, किडनीचं, सिकलसेलचं, हृदयाचं, माझ्यासारखं कशाचंही. त्या माणसाला आज फोन लावा. 'कसा आहेस' विचारू नका, त्याचं उत्तर एका शब्दाचं असतं. जेवायला काय केलं विचारा, धान कसं आलं विचारा, शेजाऱ्याशी भांडण कुठवर आलं विचारा. लांब बोलायला लावा. मध्ये बोलू नका, आणि त्याचं शेवटचं वाक्य संपेपर्यंत फोन कानाला धरून ठेवा.